बाई, तुम्ही उद्धटच होतात

बाई, परवा तुमची शोकसभा झाली, आणि पहिला तासभर तुमच्याबद्दल एकही खरं वाक्य कुणी बोललं नाही.

सभा आपल्या शाळेतच होती, खालच्या मोठ्या वर्गात, बाकं मागं सरकवून. टेबलावर तुमचा फोटो, त्याला हार, पुढं उदबत्ती. फोटोत तुम्ही हसताय. तो कुणी आणि कुठून मिळवला देव जाणे, कारण शाळेत होते तेव्हापासून म्हातारी होईपर्यंत मी तुम्हाला पाहिलं, पण एवढं हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. पहिल्या वक्त्या म्हणाल्या, बाई अतिशय मृदुभाषी होत्या. दुसरे गृहस्थ म्हणाले, बाईंनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही. तिसऱ्या तुमच्याबरोबर शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई. त्यांचा रजेचा अर्जसुद्धा तुम्ही चुका दाखवून त्यांच्याच हातात परत ठेवायचात. त्या म्हणाल्या, "बाईंचा स्वभाव म्हणजे नुसतं लोणी!" मी पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं मला रडू फुटलं, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

रडूही येत होतं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग येत होता. तुम्ही गेलात त्याला पंधरवडाही झाला नव्हता, आणि एवढ्यात ह्या लोकांनी तुम्हाला घासूनपुसून कुणी दुसरीच बाई करून टाकलं होतं. ती दुसरी बाई मला माहीत नाही. तिच्यासाठी मी गुडघे दुखत असताना जिना उतरून, रिक्षा करून आले नसते.

बोलणाऱ्यांत माझं नाव शेवटचं होतं. आताच्या मुख्याध्यापिका माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "रुक्मिणीताई, दोनच शब्द. गोड गोड बोला, वातावरण छान झालंय." आणि त्याआधी फाटकातच माझ्या धाकट्या भावानं, दत्तानं, मला बाजूला घेतलं होतं. तो पाचोडहून सकाळच्या गाडीनं आलेला. म्हणाला, "ताई, ती पत्रिकेची गोष्ट आज काढू नको बरं का. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू न्हाई." मी मान डोलावली खरी. पण काढू नको म्हटल्यानं एखादी गोष्ट डोक्यातून जाते होय? माझी पाळी येईपर्यंत मी तेवढंच घोळवत बसले. बोलावं की न बोलावं? तुम्हाला विचारायची सोय नव्हती, म्हणून आपलं सगळं पहिल्यापासून आठवत गेले.

मी शाळेत आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती. शाळा उर्दूतून मराठीत आल्या होत्या, पण आपले शिपाईमामा अजून अर्जाला दरख्वास्त म्हणायचे. पाचोडजवळच्या आमच्या वस्तीवरून मी औरंगाबादला मामाकडं राहायला आले होते, अंगावर नवं परकर-पोलकं आणि तोंडात आमच्या रानातली भाषा. तुम्ही मराठी शिकवायचात. तुम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलेल्या आणि मराठी मागाहून, घाम गाळून शिकलेल्या, हे मला फार उशिरा कळलं.

लाल शाई तुम्ही कधी वापरली नाही. चुकलेल्या ओळीसमोर, समासात, शिसपेन्सिलीनं एक टिंब द्यायचं, बस. काय चुकलं ते ज्याचं त्यानं शोधायचं, आणि सापडेपर्यंत तुमच्यासमोर यायचं नाही. माझा पहिला निबंध परत आला तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, तुझ्या वहीला मुंग्या लागल्यात!" मी मधल्या सुट्टीत रडत बसले. तेव्हा आपल्या शाळेत आणखी एक बाई होत्या, बोलायला साखर. त्यांनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खेड्यातून आलीस ना गं तू? मग चालायचंच." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ते बरं वाटणं निबंधस्पर्धा येईपर्यंत टिकलं. स्पर्धेसाठी मुली निवडताना त्या साखरबाईंची नजर माझ्या बाकावरून अशी सरकत गेली, जशी रिकाम्या बाकावरून सरकते. माझं नाव तुम्ही घातलंत. घालताना एवढंच म्हणालात, "मुंग्या कमी झाल्यात हिच्या."

मला बक्षीस मिळालं नाही. पण "चालायचंच" ह्या शब्दाची मला तेव्हापासून भीती वाटते. अजून कुणी मला तसं म्हटलं की मी दुसऱ्यांदा विचारते, का चालायचं?

मग ते स्नेहसंमेलन. तिथले अर्धेअधिक लोक आता उरले नाहीत, म्हणून मीच सांगायला हवं. मला 'माझे गाव' ह्या विषयावर बोलायचं होतं. भाषण लिहून, तुमच्या टिंबांतून पार होऊन, पाठ करून झालं होतं. पण व्यासपीठावर चढले, समोर एवढी माणसं पाहिली, आणि पाठ केलेलं सगळं धुऊन गेलं. तोंडाला जे आलं ते मी बोलायला लागले, "आमच्या गावात सकाळी लई धुकं पडतं. मही माय तवा पाण्याला जाती..." पाहुणे म्हणून पुण्याकडून बदलून आलेले एक बडे अधिकारी बसले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "लई नाही बाळ, फार." लोक हसले. मी पुन्हा सुरू केलं, त्यांनी पुन्हा थांबवलं. "मही माय नाही. माझी आई." पुन्हा हशा. पाहुणे रागावलेले नव्हते हो, उलट कौतुकानं चाललं होतं त्यांचं. मला मात्र पुढचा शब्द उच्चारायची छाती होईना, कारण माझ्याकडं होते ते सगळेच शब्द चुकीचे निघत होते.

तेव्हा तुम्ही उठलात. बाजूच्या खुर्च्यांतून, पदर खोचून.

"साहेब, तिला बोलू द्या."

"मी भाषा सुधारतोय तिची, बाई."

"लिहिलेलं मी सुधारते. त्याचाच पगार घेते. आत्ता ती बोलतेय ते तिच्या आईकडून शिकलीय. त्यात चूक काढायची तर तिच्या आईला बोलवावं लागेल." आणि एवढ्यावर थांबला असतात तर त्या तुम्ही कसल्या! "दुरुस्त्याच चालल्यात तर एक माझीही घ्या. मघाशी तुम्ही दौलताबादचा किल्ला मोगलांनी बांधला म्हणालात. किल्ला यादवांचा. मुलींनी वहीत उतरवून घेतलंय. तेवढं सांगून टाका, म्हणजे त्या खोडतील."

साहेबांचा चेहरा मला आजही दिसतो. मग तुम्ही माझ्याकडं वळून, जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालात, "हं, रुक्मिणी. तुझी माय धुक्यात पाण्याला जाते. पुढं?" आणि मी पुढचं बोलले. सगळं बोलले, शेवटपर्यंत, माझ्या मायच्या भाषेत.

शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी तुमची पूजा झाली. पाहुण्याला चारचौघांत बोलायची रीत असते का, हात दाखवून अवलक्षण कशाला, वगैरे. तुम्ही म्हणे एवढंच विचारलंत, "आणि पोरीला चारचौघांत बोलायची रीत असते?" तुम्हाला नोकरीत कायम व्हायला त्यानंतर फार वाट पाहावी लागली. परवा सभेत ह्यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. लोण्याच्या गोळ्यानं साहेबाला असं बोललेलं कसं सांगायचं?

त्या संमेलनानंतर मी तुमच्या मागंमागं घरापर्यंत आले होते, आणि ओट्यावर बसून तुम्ही मला तुमच्या वडिलांची हकिगत सांगितली होती. ते निजामाच्या कचेरीत कारकून. सगळी हयात उर्दूत गेली. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी पहिल्यांदा मराठीत अर्ज लिहिला. अक्षर सुबक, मजकूर नेटका. पण हाताला उर्दूचं वळण. उर्दूचा कागद उजवीकडून उघडतो, तशी त्यांनी कागदाची घडी घातली आणि अर्ज सुरू झाला मागच्या पानावर. नवा अधिकारी हसला. त्यानं तो कागद शेजारच्या टेबलावर दिला, तिथून पुढच्या, असा सगळ्या कचेरीत फिरवला. सगळे हसले. काय चुकलं ते मात्र कुणी सांगितलं नाही. वडील कितीतरी दिवस घरी तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचत बसायचे, कुठला शब्द चुकला म्हणून. "हसणारे सगळे सभ्य लोक होते," तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर उद्धट ठरले असते ना!"

त्या दिवसापासून मला तुमचा उद्धटपणा कळला, आणि मी त्याची बाजू घेऊन आयुष्यभर भांडत आले. सासरी भांडले, शाळेत भांडले. मीही पुढं मराठीचीच शिक्षिका झाले ती तुमच्यामुळं. गुलमंडीवर तुम्ही त्या हलवायाला पाटी सुधारायला लावलीत तेव्हा मी तुमच्याबरोबर होते. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "अजी बाई, बोर्ड कू कौन खाता? तुम मिठाई खाओ ना!" आणि तुम्ही म्हणालात, "मिठाई तो खाते जी, पर बोर्ड भी पढते ना!" अर्धा किलो पेढे घेऊन तुम्ही निघालात, आणि पुढच्या खेपेला पाटी नवी होती. परवाच्या सभेला त्याचा नातू आला होता, दुकान बंद ठेवून. त्याला कुणी बोलायला सांगितलं नाही.

अगदी अलीकडं, आम्ही माजी विद्यार्थिनींनी मोबाइलवर ग्रुप काढला, तिथंही तुम्ही होतात. कुणी सुविचार पाठवला, कुणी नातवाचं कौतुक लिहिलं की खाली तुमचं उत्तर यायचं, नुसतं एक टिंब. मग सत्तरी उलटलेल्या आम्ही बाया चष्मे पुसून आपापला मजकूर पुन्हा वाचायला लागायचो. दोघीतिघी रागावून ग्रुप सोडून गेल्या. तुम्हाला त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

हे सगळं मी हसत हसत आठवत होते, बाई. पण वाट कुठं चालली होती ते मला ठाऊक होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, पैठणला पत्रिका छापून घेतल्या. आबांचं शिक्षण जेमतेम सही करण्यापुरतं. तो मजकूर त्यांनी स्वतः सांगितला होता, छापखान्यात बाकावर बसून. आमच्यात पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात, हळदीकुंकू लावून. दुसरी कुणाला द्यायची ह्यावरून घरात चुलत्यांची नावं निघाली. आबा म्हणाले, "दुसरी बाईला. मह्या लेकीला तिनं उभी केली." धुतलेलं धोतर, फेटा, आणि खिशात कागदाच्या पुडीत अक्षता घेऊन ते स्वतः एसटीनं औरंगाबादला आले. कुंकवाची बोटं लावलेली पत्रिका अक्षतांसह हातात पडली की माणूस ती कपाळाला लावतो आणि ठेवून घेतो. ती परत द्यायची नसते. परत दिली तर त्या लग्नाला नाट लावल्यासारखं होतं, हे आमच्याकडं पोराटोरांनाही कळतं.

तुम्ही त्यांना बसवलंत, चहा दिलात. पत्रिका उघडलीत, वाचलीत. मग पेन्सिल घेतलीत. कुंकवाच्या बोटांशेजारी, त्या समासात, तुम्ही टिंबं दिलीत आणि ती पत्रिका आबांच्या हातात परत ठेवलीत. "छापखान्यात दाखवा, सुधारून देतील. अजून वेळ आहे." आबांनी चहा तसाच ठेवला आणि निघाले.

त्या पत्रिकेत काय चुकलं होतं ते मी मुद्दामच सांगत नाही. ते तुमच्याशिवाय कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

मायनं विचारलं, "बाई घरी नव्हती का?"

"व्हती."

"मंग पत्रिका कामून माघारी आणली?"

"बाईला आवडली न्हाई," आबा म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले. मायनं कुणाला न सांगता देवापुढं नारळ फोडला, नाट निघावं म्हणून. मला हे सगळं लग्नानंतर कळलं.

आणि तुम्ही लग्नाला आलात! बसनं, धुळीतून, माझ्यासाठी निळी साडी घेऊन. आबांनी दारात हात जोडले, तुम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः बुंदी वाढली, आग्रह करकरून, पण पत्रिकेबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना तुम्ही मला म्हणालात, "तुझे वडील फार अगत्याचे आहेत गं." छापलेल्या कागदावरची बारीकशी चूकही तुमच्या नजरेतून सुटायची नाही, आणि समोर वाकून वाढणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्हाला वाचता आला नाही.

त्यानंतर आबा कितीदा तरी बाजाराला शहरात आले. तुमच्या दारावरून गेले. पायरी चढले नाहीत. पण त्यांच्यासमोर कुणी तुम्हाला नावं ठेवलेली त्यांना चालायची नाहीत. "बाईला बोलायचं न्हाई," म्हणायचे, एवढंच. ते गेले तेव्हा तुम्ही मला भेटायला आलात, माझा हात धरून बसलात. तेव्हाही तुम्ही पत्रिकेचं नाव काढलं नाहीत.

तसं मी तुम्हाला लग्नानंतर पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पण त्यात चुका होत्या ना?"

"होत्या."

"मग?"

त्या तुमच्या 'मग'वर आपण पुढं किती भांडलो, बाई! शाळेत रुजू झाल्यावर मी आपली एक पद्धत पाडून घेतली. कुणाचं काही चुकलेलं दिसलं की आधी विचारायचं, सांगू का? मुलांनासुद्धा. तुम्ही त्याची टर उडवायचात. "परवानगी कसली मागतेस? पायात काटा रुतलेल्या माणसाला कुणी विचारतं का, काढू का म्हणून?" मी म्हणायचे, "विचारतात, बाई. पाय त्याचा असतो." तुम्ही म्हणायचात, तोवर तो लंगडा होईल. मी म्हणायचे, होऊ दे, पण पाय ओढू नका. अशानं चहा निवायचा, भांडण चालूच. तुमच्या घरी भांडायला येण्याइतकं सुख मला दुसऱ्या कुठल्या घरात मिळालं नाही, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

शेवटचं भेटलो ते समर्थनगरातल्या तुमच्या पुतण्याच्या घरी, महिनाभरापूर्वी. पलंगावर उशीला टेकून तुम्ही वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता तपासत होतात, पेन्सिल घेऊन. टिंबाची रेघ होत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "बाई, आबांच्या पत्रिकेचं तेवढं एकदा चुकलं म्हणा."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, "रुक्मिणी, तुझ्या वडिलांना मी बरोबरीचा माणूस समजले, म्हणून पत्रिका परत केली. खेड्यातला बिचारा समजले असते, तर गोड हसून ठेवून घेतली असती आणि मागून हसले असते. माझ्या वडिलांना हसले तसे."

"पटतं, बाई," मी म्हटलं, "पण आबा माणूस होते म्हणूनच तर त्यांना लागलं. तुमच्या वडिलांना कुणी काय चुकलं ते सांगितलं नाही. माझ्या वडिलांना तुम्ही काहीच विचारलं नाही. ती पत्रिका देवाच्या पुढ्यातून आली होती. तुम्ही नुसतं विचारलं असतं, आबा, ह्यावर लिहू का, तर त्यांनीच सांगितलं असतं, दुसऱ्या कागदावर लिहा म्हणून."

तुम्ही खिडकीकडं पाहत राहिलात. डोळ्यांत पाणी होतं का ते मला दिसलं नाही, तुम्ही तोंड वळवलंच नाही. तशाच म्हणालात, "सूनबाईला चहा टाकायला सांग." आपण चहा घेतला. मी निघाले. आपलं तेवढंच राहिलं.

आणि परवा माझं नाव पुकारलं.

मी माईकपाशी गेले. तुमच्या त्या हसऱ्या फोटोकडं पाहिलं नाही. म्हटलं, "बाई मृदुभाषी नव्हत्या. बाई उद्धट होत्या." पुढच्या रांगेत खुर्च्या करकरल्या. मी साहेबांची आणि किल्ल्याची गोष्ट सांगितली, 'लई'सकट आणि 'मही माय'सकट, जशी घडली तशी. हलवायाचा नातू मागं मोठ्यानं हसला, मला धीर आला. मग म्हटलं, "आणि बाईंचं एकदा चुकलं. माझ्या वडिलांच्या बाबतीत." दत्तानं मान खाली घातली. मुख्याध्यापिका उठून माझ्या शेजारी आल्या, माझा दंड हलकेच धरला. "रुक्मिणीताई, ही वेळ नाही."

"मग कुठली वेळ?" मी विचारलं, माईकमधूनच. "त्या होत्या तेव्हा तुम्ही म्हणायचात, मोठ्या माणसांना बोलू नये. आता म्हणता, गेलेल्या माणसाला बोलू नये. मग बोलायचं कधी?"

त्यांनी दंड सोडला. मी पत्रिकेची गोष्ट सांगितली. सगळं सांगून झाल्यावर खाली येऊन बसले. कुणी टाळी वाजवली नाही, शोकसभेत वाजवतही नाहीत. लोणीवाल्या बाई चहा न घेता निघून गेल्या. पाठीवरून हात फिरवणाऱ्या शेजारणीनं आपली पर्स मांडीवर ओढून घेतली. मी अवघडले नाही, बाई. तुमच्या शेजारी इतकी वर्षं बसून मला त्याची सवय झाली आहे.

दत्ता बसस्टँडपर्यंत तोंड फुगवूनच आला. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "आबानं कधी चारचौघांत काढलं व्हतं का? तू कामून काढलं?" मी म्हटलं, आबा गप्प राहिले ती त्यांची रीत होती, आणि ती मोठी रीत होती. पण मला शिकवलं बाईंनी. तो गाडीत चढला, खिडकीशी बसला. गाडी हलता हलता बाहेर डोकं काढून म्हणाला, "पर त्या सायबाला तोंडावर सुनावलं ते मला ठावं नव्हतं. लई भारी." आणि पुन्हा तोंड फुगवून बसला.

तर बाई, मी हे चारचौघांत केलं आणि आता लिहूनही काढते आहे. लोक म्हणतात, ह्याला श्रद्धांजली म्हणत नाहीत. न म्हणोत. ज्यांनी तुम्हाला लोणी म्हटलं, मृदुभाषी म्हटलं, त्यांचं तुमच्याशी काही बोलायचं उरलेलं नाही. हार घातला, संपलं. माझं संपलेलं नाही. आबांच्या बाबतीत तुमचं चुकलं होतं, आणि तुम्ही तसं म्हणेपर्यंत मी म्हणत राहणार, तुम्ही आता कधीच म्हणणार नाही हे माहीत असूनही. कारण ज्या माणसाला आपण सोडून दिलं, त्याच्या चुका काढायला कुणी बसत नाही. मी तुम्हाला सोडलेलं नाही, बाई.